आधी भाषण, मग गोळी

११ नोव्हेंबर १९१८ रोजी पहिल्या महायुद्धाच्या युद्धविरामावर जर्मनीच्या वतीने सही केली ती लोकशाहीवादी पुढारी मात्थियास एर्झबर्गर यांनी. लढाई हरले सेनापती, पण पाठीत खंजीर खुपसल्याचा ठपका बसला लोकशाहीवादी पुढाऱ्यांवर. उजव्या गटाचे पुढारी कार्ल हेल्फरिख यांनी तर एर्झबर्गरना हटवा, अशी पुस्तिकाच काढली. ऑगस्ट १९२१ मध्ये एर्झबर्गर यांचा गोळ्या घालून खून झाला. २३ जून १९२२ रोजी हेल्फरिख संसदेत परराष्ट्रमंत्री वाल्टर राथेनाऊंवर तुटून पडले. दुसऱ्याच दिवशी सकाळी, उघड्या मोटारीतून कचेरीला निघालेल्या राथेनाऊंवर बर्लिनमध्ये गोळ्या झाडल्या गेल्या, वर हातबाँबही टाकला.

हेल्फरिख यांनी खुनाचा आदेश दिला नव्हता. कट आधीच शिजत होता. पण अशी भाषा वेगळ्या वाटेने काम करते. विरोधक एकदा देशद्रोही ठरला की त्याच्याशी वाद घालायची गरजच उरत नाही. ऐकणारे बहुतेक जण मुकाट घरी जातात, पण मूठभरांना वाटते की सारा देश आपल्या पाठीशी आहे. आणि मवाळ माणसे राजकारणात उतरायलाच कचरतात. माझ्या मते लोकशाहीचे सर्वांत मोठे नुकसान तिथे होते. राथेनाऊंच्या खुनानंतर जुलै १९२२ मध्ये प्रजासत्ताकाच्या रक्षणाचा कायदा झाला खरा, पण उजव्या गुन्हेगारांबाबत न्यायालये सौम्यच राहिली. एर्झबर्गर यांचे मारेकरी परदेशी पळाले होते. १९३३ मध्ये नाझी राजवटीने त्यांना माफी दिली.