शिंपले, बिया आणि हजेरीपट

मुलांचे चित्त धड्यात रमत नाही अशी तक्रार कानी पडली की मला, शिक्षणशास्त्राचा मी केवळ एक हौशी वाचक असूनही, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे आरंभिलेल्या बालशिक्षणाच्या प्रयोगाचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने खेड्याच्या ऐपतीबाहेरची. म्हणून शिंपले, खडे, पाने, बिया हीच त्यांनी गणनेची आणि वर्गीकरणाची सामग्री केली, आणि ज्या वस्तू मुलाने स्वतः वेचून आणल्या त्या मोजताना त्याला कंटाळा यावा तरी कसा! मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच वस्तीच्या अंगणात भरू लागली; ‘अंगणवाडी’ हा आज सरकारदरबारी रुळलेला शब्द त्याच खटाटोपाचे अपत्य. पुढे कोसबाडला तर, गुरे राखण्याच्या कामामुळे ज्यांची नावे हजेरीपटावर कधी चढलीच नसती अशा आदिवासी मुलांसाठी, कुरणातच शाळा नेण्यात आली.

घरी करून पाहावयाचे असल्यास मूठभर चिंचोके पुरेत. मुलालाच दहा-दहांचे ढीग घालू द्यावेत, आणि आपण मध्ये बोलू नये (हे मला अद्याप साधलेले नाही).