दमा एकाचा, काळजी गावाची

दमा एकाचा दुसऱ्याला लागत नाही. तो कोणाच्या पापाचे फळही नाही. तरी पुष्कळ घरांत तो झाकून ठेवतात. मुलगी असली तर अधिकच. लग्न जमणार नाही, ही भीती! पण झाकलेला आजार बळावतो आणि एखाद्या रात्री जीवही घेतो.

दमा म्हणजे काय? आपल्या छातीत हवा नेणाऱ्या बारीक नळ्या आहेत. धूर, धूळ, फुलांचे पराग, सर्दी यांनी काही माणसांच्या नळ्या आतून सुजतात आणि आवळतात. त्यांत चिकट कफ साठतो. हवेची वाट अरुंद होते. मग छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो, दम लागतो.

यावर औषध आहे का? आहे. दमा मुळापासून जाईलच असे नाही, पण ताब्यात राहतो. श्वासातून घ्यायच्या औषधाला आपण पंप म्हणतो. "गुरुजी, पंपाची सवय लागते का हो?" असे लोक विचारतात. नाही लागत. गोळी अंगभर फिरते. पंपाचे थोडेसे औषध थेट नळ्यांत जाते. सूज कमी करणारा पंप डॉक्टर सांगतील तसा रोज घ्यावा आणि नंतर चूळ भरावी. बरे वाटले म्हणून आपल्या मनाने बंद करू नये.

पण एकाने पंप घ्यायचा आणि शेजाऱ्याने कचरा पेटवायचा, तर उपयोग काय? धुराला कुंपण नसते. म्हणून गावाने मिळून चार कामे करावीत.

पहिले काम धुराचे. कचरा आणि उसाचे पाचट पेटवू नये. पाचट शेतात कुजवले तर त्याचे खत होते. चुलीचा धूर घराबाहेर जाईल अशी सोय करावी.

दुसरे काम गाजर गवताचे. हे परदेशी गवत १९५५ च्या सुमारास पुण्यात नजरेस आले आणि पुढे देशभर पसरले. त्याच्या परागांनी काहींना खाज सुटते, शिंका येतात, दमा उचल खातो. एका झाडाला हजारो बिया येतात. एकट्याने आपला बांध साफ केला, तरी शेजारच्या बांधावरून बी येतेच. म्हणून पावसात जमीन ओली असताना, फुले येण्याआधी, सर्वांनी मिळून ते मुळासकट उपटावे. हातमोजे घालावेत, नाकाला फडके बांधावे. दमेकऱ्याने या कामाला जाऊ नये.

तिसरे काम जेवणाचे. काही मुलांना शेंगदाणे, अंडे, दूध किंवा मासे सोसत नाहीत. दाण्याचे कूट तर भाजीत असते, चटणीत असते, आणि डोळ्यांना दिसतही नाही. अशी मुले कोणती, हे शाळेत स्वयंपाक करणाऱ्या बाईंना ठाऊक हवे. पंगतीत "एवढ्याने काय होते?" असा आग्रह करू नये. खाल्ल्यावर गांधी उठल्या, ओठ सुजले, दम लागला, तर ताबडतोब दवाखाना गाठावा.

चौथे काम रात्रीचे. दम्याचा झटका आला तर माणसाला आडवे करू नये, बसते करावे. डॉक्टरांनी झटक्यासाठी दिलेला पंप द्यावा. बोलताना वाक्य पुरे होईना, ओठ निळे पडू लागले, तर १०८ ला फोन करावा. रात्री गावात कोणाची गाडी मिळेल, हेही आधीच ठरवून ठेवावे.

या कामांना पैसा फार लागत नाही. येत्या ग्रामसभेत हा विषय काढा. आशाताईंना बोलवा. आणि घरात कोणाला दमा असेल, तर लाज न धरता सांगा.