जुन्या गाडीला नवी मोटार

‘मोटार जळाली’ असे वळसंगात कोणी म्हटले, की ऐकणाऱ्याला विहिरीवरचा पंप आठवतो. मी जिच्याविषयी लिहिणार आहे, ती मोटार मात्र मुठीत मावते. माझ्या मामांनी 1986 साली आखातातून परतताना रेडिओवर चालणारी खेळण्यातली गाडी आणली होती. ती गेल्या उन्हाळ्यात बंद पडली आणि दुरुस्तीचे काम माझ्याकडे आले. मी कला शाखेचा विद्यार्थी. तरी या कामातला कार्यकारणभाव कोणालाही समजण्याजोगा आहे.

जपानच्या तामिया कंपनीने 1976 साली पोर्श 934 ही आपली पहिली रेडिओ-नियंत्रित गाडी काढली. पुढे अशा गाड्या घरोघरच्या मुलांपर्यंत पोचल्या. त्यांत बहुधा दोन मापांच्या मोटारी असत. ‘380’चा व्यास सुमारे 28 मिलिमीटर, तर ‘540’चा सुमारे 36.

पंपाच्या मोटारीत कार्बन नसतात. या मोटारीत मात्र मिक्सरप्रमाणे दोन कार्बन असतात. ते फिरत्या कम्युटेटरवर घासत आतल्या वाइंडिंगला वीज पोचवतात. घासणे आले तेथे झिजणे आलेच. साध्या मोटारीचे कवच बंद असते. म्हणून कार्बन संपले, की सबंध मोटार बदलावी लागते.

तत्पूर्वी दोष मोटारीतच आहे ना, हे पाहावे. तिच्या वायरी सोडवून थेट 7.2 व्होल्टची बॅटरी लावावी. फिरली, तर दोष अन्यत्र. आमची फिरली नाही.

आता नवी कोणती घ्यावी? मामेभावाचा आग्रह वेगवान ब्रशलेस मोटारीचा होता. परंतु तिला तीन वायरी असतात व स्वतंत्र इलेक्ट्रॉनिक नियंत्रक लागतो. जुन्या गाडीत वेग कमी-जास्त होतो तो पत्र्याच्या संपर्कपट्ट्या आणि रोधक यांनी. कार्बनची जोरकस मोटार बसवली, तरी ती जास्त प्रवाह ओढते; रोधक तापतो, भोवतालचे प्लास्टिक वितळते, गिअरचे दाते तुटतात. मोटार विकत मिळेल. हे जुने भाग मिळणे कठीण. म्हणून पहिल्याच मापाची, साधी मोटार मी मागवली.

बसवणे अवघड नाही. जुन्या दांड्यावरचे छोटे दातेरी चाक काढून नव्यावर तितक्याच अंतरावर बसवावे. स्क्रू जुनेच वापरावेत. लांब स्क्रू आत शिरून वाइंडिंगला लागतो. मोटार पुढेमागे सरकवता येत असेल, तर दात्यांमध्ये कागदाची पट्टी घालून स्क्रू आवळावेत व मग पट्टी काढावी. दाते फार घट्ट नकोत, सैलही नकोत. कार्बनपाशी उडणाऱ्या ठिणग्या रेडिओत व्यत्यय आणतात, त्यासाठी 0.1 मायक्रोफॅराडचे तीन कंडेन्सर डाख देऊन जोडावेत: एक दोन्ही टोकांमध्ये, उरलेले दोन प्रत्येक टोकापासून कवचाला. चाके उलटी फिरली, तर मोटारीच्या दोन वायरींची अदलाबदल करावी.

आमची गाडी पूर्वीच्याच वेगाने धावू लागली. मामेभावाला तो कमी वाटला, मामांना पुरेसा. जुन्यात नवे बसवताना नव्याच्या जोरापेक्षा जुन्याची सोसण्याची ताकद आधी मोजावी, एवढेच मला सांगावयाचे आहे.