लेझी कोण आणि आयडल कोण?

वर्गात 'आळशी'साठी इंग्रजी शब्द विचारा, सगळी मुले एका सुरात सांगतात, लेझी. मग 'आयडल' म्हणजे काय? पुन्हा तेच उत्तर, आळशी. बऱ्याच गाईडांतही दोन्हींसमोर हाच अर्थ छापलेला असतो आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

लेझी हा शब्द स्वभाव सांगतो. काम समोर आहे, हातपाय धड आहेत, पण करायची इच्छा नाही. आपण उर्दूत ज्याला काहिल म्हणतो, तो. आयडल म्हणजे सध्या काम करत नसलेला, रिकामा. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ 'पोकळ, रिता' असा होता. म्हणूनच तो यंत्राला, पडून असलेल्या पैशाला, अगदी निरर्थक गप्पांनाही लागतो. सिग्नलला रिक्षा उभी आहे, इंजिन चालू आहे, तर ते इंजिन आयडल. भिवंडी-मालेगावात वीज गेली की माग थांबतात, 'द लूम्स आर आयडल'. इथे लेझी लिहिले तर लोक हसतील. माग कसा आळशी असेल?

माणसाच्या बाबतीत मात्र हसण्यावर भागत नाही, इज्जतीचा प्रश्न येतो. एका मुलीने शिष्यवृत्तीच्या अर्जात लिहिले होते, 'माय फादर इज लेझी'. वडिलांचा कारखाना बंद पडलेला आणि बिचारे रोज काम शोधत फिरत होते. तिला म्हणायचे होते 'बेकार'. डिक्शनरीत बेकारवरून आयडल मिळाला, आयडलवरून लेझी. बेकार हा मूळ फारसी शब्द, 'बे' म्हणजे विना आणि 'कार' म्हणजे काम, एवढेच. पण आपण मराठीत आणि उर्दूतही बिनकामाच्या माणसाला आणि फालतू वस्तूला एकच शब्द लावून बसलो आहोत. नोकरी नसेल तर सरळ 'अनएम्प्लॉइड' किंवा 'आउट ऑफ वर्क' लिहावे. माणसासाठी आयडलसुद्धा जपूनच वापरा, त्यातही टोमणा येऊ शकतो.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या एका प्रसिद्ध दुआमध्ये 'अज्ज़' आणि 'कसल' या दोन्हींपासून अल्लाहची पनाह मागितली आहे. अज्ज़ म्हणजे करण्याची ताकद नसणे, कसल म्हणजे ताकद असून सुस्ती करणे. दुआ रोज पढणाऱ्या घरातही अभ्यासात मागे पडलेल्या मुलाला कसलचाच शिक्का बसतो, हे मला खटकते.

उच्चाराचे थोडक्यात सांगतो. लेझीतला झ 'माझा'मधल्यासारखा. उर्दू येणाऱ्या मुलांना तो आपोआप जमतो. आयडल आणि मूर्ती या अर्थाचा आयडल, दोन्हींचा उच्चार सारखाच, स्पेलिंग वेगळे. आयडियल म्हणजे आदर्श, तो आणखी वेगळा.

आणि 'लेझी आय' हा शब्द डॉक्टरांकडून ऐकलात तर मुलावर रागावू नका. यात लहानपणी एका डोळ्याची नजर नीट तयार होत नाही आणि मेंदू दुसऱ्या डोळ्यावरच काम भागवतो. त्या डोळ्याने दिसत असल्याने मूल तक्रारही करत नाही. चष्मा किंवा चांगल्या डोळ्यावर काही वेळ पट्टी, असे उपचार असतात आणि ते जितक्या लहान वयात सुरू होतील तितका फायदा जास्त. म्हणून शाळेत घालतानाच मुलाचे दोन्ही डोळे वेगवेगळे तपासून घ्या.