मत्स्यजयंती आणि चैत्रातले डोह

चैत्र शुद्ध तृतीया ही मत्स्यजयंती. भागवताच्या आठव्या स्कंधात राजा सत्यव्रताच्या ओंजळीत इवलासा मासा येतो व मोठ्या माशांपासून अभय मागतो. राजा त्यास जपतो. पुढे तोच प्रलयात नौका ओढणारा भगवान ठरतो.

ही कथा आम्ही पूर्णाकाठी सांगतो, तेव्हा नदी आटू लागलेली असते. वरच्या अंगास येलदरी-सिद्धेश्वर जलाशयांचे पाणी ओसरते. पात्रात डोह तेवढे उरतात. कोंडलेला मासा अल्प श्रमात जाळ्यात येतो. भोई बांधवांचा तो न्याय्य चरितार्थच होय. परंतु रोहू, कटला, मृगळ यांची वीण पावसाळी पुरात होते. चैत्रातच डोह निःशेष झाला, तर आषाढात अंडी घालणार कोण?

कोकण किनारी १ जूनपासून यांत्रिक नौकांना पावसाळी बंदी असते. कोळी बांधव तर पूर्वापार नारळी पौर्णिमेस सागर पूजूनच होड्या लोटतात. तोच संयम डोहाकाठीही हवा. जाळ्याची छिद्रे मोठी असावीत, सापडलेले पिलू पाण्यात सोडावे. ओंजळीतल्या लहानग्यास अभय देणे, हेच मत्स्यावताराचे खरे पूजन!