ग्राहकाची हौस आणि वाचकाचा हक्क

संकेतस्थळाचे पैसे ग्राहक मोजतो. तेव्हा त्याचे रंगरूप ग्राहकाच्या मर्जीप्रमाणे असावे, हे रास्तच होय. परंतु तेथे कोणाला प्रवेश नाकारायचा, हे ठरविण्याचा अधिकार त्या पैशातून मिळतो काय?

सिडनी ऑलिंपिकच्या निमित्ताने हा प्रश्न ऐरणीवर आला. ब्रूस मॅग्वायर हे अंध गृहस्थ ब्रेलच्या साहाय्याने संगणक वाचत. संयोजन समितीच्या संकेतस्थळावरील अनेक चित्रांना शब्दवर्णन नव्हते. ते असावे, अशी त्यांनी १९९९ मध्ये तक्रार केली. दुरुस्ती फार खर्चाची आहे, हा समितीचा बचाव ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगाने २००० साली फेटाळला व २०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई ठरविली.

वस्तुतः असे वर्णन डोळस वाचकाला एरवी दिसतही नाही. त्याने शोभेला बाध येत नाही. फिकट अक्षरांची हौस मात्र आवरावी लागते. सुगमतेच्या २००८ च्या आंतरराष्ट्रीय सूत्रांतील मध्यम पातळीनुसार सामान्य आकाराची अक्षरे व पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण किमान ४.५ : १ हवे.

आपल्याकडेही २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने माहिती-तंत्रज्ञानाची सुगमता मान्य केली आहे. म्हणून रचनाकाराने हे सारे कराराच्या दिवशीच स्पष्ट सांगावे. काम संपल्यावर सांगितलेली अट ग्राहकाला अडवणूक वाटते. गवंडी मालकाच्या आवडीचा रंग देतो, पण म्हणून जिना गाळीत नाही.