वाडा उतरण्यापूर्वी

मैत्रिणींनो, सासरी किंवा माहेरी तुमचा जुना वाडा असेल, तर तो बिल्डरच्या हाती जाण्यापूर्वी एक काम जरूर करा. तपकिरी शाईची बाटली आणा आणि वाड्यासमोर पाट मांडून बसा.

"फोटो आहेत की!" असं तुम्ही म्हणाल. आमच्याकडेही सगळे तेच म्हणाले. दिवाळीनंतर वाडा उतरवायचं ठरलं, तेव्हा मुलांनी मोबाइलवर दहा मिनिटांत पन्नासेक फोटो काढले. मी मात्र चित्र काढायला बसले. शाळेत चित्रकलेची इंटरमीजिएट दिली होती, तेवढाच काय तो अनुभव.

साहित्य फार लागत नाही. जाड ड्रॉइंग पेपर, पेन्सिल, टाक, मऊ गोल ब्रश आणि तपकिरी वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक. ही शाई फाउंटन पेनात भरू नका, पेन चोंदतं. उलट, फाउंटन पेनची साधी शाई इथं चालत नाही. वरून पाण्याचा हात फिरला की रेघा पसरतात. बोरू असेल तर उत्तमच. हॉलंडचा थोर चित्रकार रेम्ब्रांट यानंही बोरूनं पुष्कळ चित्रं काढली. १६५२ च्या जुलैत अॅमस्टरडॅमचं जुनं नगरभवन जळालं. मागे नवं टोलेजंग नगरभवन बांधलं जात होतं. पण आगीनंतर दोनच दिवसांनी रेम्ब्रांटनं तपकिरी शाईत काढून ठेवलं ते जळकं, पडकं जुनंच!

आता कृती. पेन्सिलीनं जोतं, खांब, तुळया, छप्पर असे ठळक आकार काढा. मग शाईच्या रेघा. पट्टी नको, जुन्या भिंती तरी कुठं सरळ असतात? रेघा पूर्ण वाळू द्या. तीन वाट्यांत सारखं पाणी घेऊन शाईचे अनुक्रमे दोन, सहा आणि पंधरा थेंब टाका. आधी फिका हात, तो वाळला की मधला, आणि वळचणीखालची सावली, दिंडीतला काळोख सगळ्यात शेवटी. ही शाई वाळल्यावर पुसता येत नाही, म्हणून फिक्याकडून गडदाकडे जायचं. ऊन पडलं असेल तिथं कागद कोरा सोडायचा. जुनं सागवान, विटा, माती सगळं या एका रंगात सामावतं.

माझ्या पहिल्या चित्रात मी ओसरीचे चारही खांब सारखे काढले. कागदांवर सह्या झाल्यापासून सासूबाई वाड्याबद्दल चकार शब्द बोलल्या नव्हत्या. त्यांनी चष्मा लावून चित्र पाहिलं आणि म्हणाल्या, "तिसरा खांब असा नाही गं."

जाऊन पाहिलं. खरंच, त्या खांबाच्या तळाशी लाकूड नव्हतंच, हातभर दगड होता.

"वाळवी लागली होती. ह्यांनी खालचा तुकडा कापून दगड बसवला. हाताशी पैसे नव्हते, तीन महिने नुसता धीरा देऊन ठेवला होता."

चौदा वर्षं त्याच खांबाला टेकून मी भाजी निवडत होते. फोटोतही तो दगड होता, पण पाहिला होता कुणी?

त्यानंतर सासूबाई रोज दुपारी माझ्याजवळ येऊन बसू लागल्या. एके दिवशी म्हणाल्या, "माझी बाळंतिणीची खोली काढ." ती खोली तर मी लग्न होऊन येण्याआधीच पडली होती! त्या सांगत गेल्या, मी काढत गेले. खिडकी दोनदा चुकली, तिसऱ्यांदा जमली.

आता वाडा नाही. फ्लॅटच्या भिंतीवर, ऊन लागणार नाही अशा जागी, नऊ चित्रं आहेत. येणाऱ्या-जाणाऱ्याला सासूबाई आधी तिसरा खांब दाखवतात.

तेव्हा मैत्रिणींनो, चित्र काढायला बसाल तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला शेजारी बसवायला विसरू नका. शाई काय, बाजारात केव्हाही मिळेल.